आशियाच्या जुन्या नकाशात कोल्हापूरचा राजा

तिकिटं आणि नाणी जमवणारे आपल्या सोसायटीतही आहेत. जुने नकाशे, तेही अख्ख्या आशिया खंडाचे, जमवणारे मात्र थोडेच. एवढ्या मोठ्या खंडात आपलं काय सापडणार, असं कुणीही विचारेल. कोल्हापूरकरानं तरी विचारू नये.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाला टॉलेमी नावाचा विद्वान होऊन गेला. व्यापारी आणि खलाशी सांगतील त्यावरून त्यानं सुमारे आठ हजार ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मांडले. त्याच्या यादीत पैठण ही पुळुमावीची, उज्जैन ही चष्टनाची आणि हिप्पोकुरा ही कुणा ‘बलेओकुरोस’ची राजधानी आहे. हा तिसरा कोण? उत्तर आपल्या पंचगंगेकाठी मिळालं. कोल्हापुरात सापडलेल्या शिशाच्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे आणि भोवती ब्राह्मीत नाव आहे विळिवायकुर. हाच टॉलेमीचा बलेओकुरोस, असं रा. गो. भांडारकरांनी मांडलं. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच का, यावर विद्वानांत वाद आहे. मला विचाराल तर गावाच्या हट्टापेक्षा राजा सापडला हे मोठं.

१९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन केलं. तिथल्याच रोमन वस्तूंपैकी पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. आपल्यातल्या कितीजणांनी ती पाहिली आहे, हा प्रश्न इथं नको! पण इतक्या लांबचा देव इथवर आला, तर इथल्या राजाचं नाव तिकडे गेलं यात नवल ते काय?

टॉलेमीच्या हातचे नकाशे आज उरलेले नाहीत. संग्राहकांना मिळतात ते १४७७ पासून युरोपात छापलेले. त्यात हिंदुस्थानचं दक्षिण टोक जवळपास नाहीच, आणि श्रीलंका मात्र भलीथोरली. पोर्तुगीज आल्यावर किनारा सुधारला. पुढं हौसही वाढली. १५८१ मध्ये ब्युंटिंग या जर्मन धर्मोपदेशकानं आशिया चक्क पंखवाल्या घोड्याच्या आकारात काढला. सतराव्या शतकात ब्लाऊनं कडेला देशोदेशीच्या पोशाखातली माणसं आणि वरच्या बाजूला शहरांची चित्रं घातली, त्यात आपल्या शेजारचं गोवाही आहे. (खंडाचं चित्र काढायची हौस त्यांचीच होती असं नाही. जैनांचे जंबूद्वीपाचे कापडी पट बघा.) घाटावरचा मुलूख मात्र बराचसा अंदाजानंच भरलेला. चियामाय नावाचं एक सरोवर तर अस्तित्वातच नव्हतं, पण एकाचं बघून दुसऱ्यानं ते दोनेकशे वर्षं छापलं. १७५२ मध्ये फ्रेंच नकाशाकार दांव्हिलनं हिंदुस्थानचा नकाशा काढताना माहिती नव्हती तिथं कागद कोरा सोडला. मला तो कोरा कागद घोड्यापेक्षा जास्त आवडतो.

कुणाला घ्यायचाच असेल तर आधी भिंग घ्या. बारीक ठिपके दिसले की समजा, नवी छपाई. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशाभोवती पत्र्याचा दाब उमटलेला असतो, आणि मधोमध पुस्तकाची घडी असते. ती घडी बघून मात्र वाईट वाटतं. कारण सुटा नकाशा जास्त भावानं जातो, म्हणून अख्खी नकाशापुस्तकं फाडून पानं विकली जातात. पान भिंतीवर जातं, आणि शेजारच्या पानांत काय होतं ते कुणालाच कळत नाही.

आपल्याकडे वेगळीच तऱ्हा. वाड्याच्या माळ्यावरचा वतनाचा, शेताचा हातानं काढलेला नकाशा रद्दीवाल्याकडे जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जे भिजलं, ते तर गेलंच. तुमच्या गावाकडं असं काही असेल तर त्याचा एक नीट फोटो काढा, आणि तो कुणाचा, कुठल्या गावचा हे मागं पेन्सिलीनं लिहा. पेन नको, शाई फुटते.

आणि पोरांना दाखवायला टॉलेमीचा नकाशा विकत घ्यायची गरज नाही. मोठ्या ग्रंथालयांनी तो संगणकावर फुकट ठेवला आहे. ‘आशियाचा दहावा तक्ता’ उघडा, पश्चिम किनाऱ्याच्या आत बोट फिरवा आणि हिप्पोकुरा शोधा.