आधारांची यादी

वैद्यक-वाङ्मयांत सुमारें पन्नास वर्षें डॉक्टर ओ. उप्लावित्सी या नांवाचा एक लेखक वावरत होता. आमांशाच्या विकारावर १८८७ सालीं त्यानें एक निबंध लिहिला, असा हवाला भले भले पंडित देत असत. निबंध खरा होता. परंतु हा गृहस्थ मात्र कधीं जन्मासच आला नव्हता! निबंधाचे खरे लेखक प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ यारोस्लाव ह्लावा. त्यांनीं तो चेक भाषेंत लिहिला आणि त्यास ‘ओ उप्लावित्सी’ असें शीर्षक दिलें. चेक भाषेंत ‘ओ’ म्हणजे ‘विषयीं’, आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ आमांश. ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथें काम करणारे ग्रीक डॉक्टर कार्तूलिस यांनीं या निबंधाचा गोषवारा जर्मन भाषेंत दिला, तेव्हां शीर्षकालाच त्यांनीं लेखकाचें नांव समजलें. पुढच्यांनीं मूळ निबंध न पाहतां मागच्यांचा आधार जसाच्या तसा उतरून घेतला. अखेर १९३८ सालीं इंग्लंडांतील सूक्ष्मजीवांचे अभ्यासक क्लिफर्ड डोबेल यांनीं हा घोटाळा उघडकीस आणला आणि या कल्पित डॉक्टराच्या नांवापुढें १८८७ ते १९३८ असा जन्ममृत्यूचा काल घालून त्याच्यावर एक लेखच लिहिला.

श्रोतेहो, गोष्ट हंसण्यासारखी खरी. परंतु तिच्यांतील मुद्दा हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. वैद्यकीय नियतकालिकांतील एखाद्या विधानावर विसंबून कोठें तरी दूरच्या गांवीं एखादा डॉक्टर रोग्याच्या औषधाची मात्रा ठरवीत असतो. तें विधान कशावरून केलें, हें त्याला पाहावयाचें झाल्यास लेखाच्या शेवटीं दिलेली आधारांची यादी हाच त्याचा मार्ग. मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं निराधार कांहींहि न लिहिण्याची प्रतिज्ञा केली होती. शास्त्रीय लेखकाची प्रतिज्ञा तीच. ती त्यानें पाळली कीं नाहीं, हें कोणाहि वाचकाला तपासतां यावें, एवढ्यासाठीं ही यादी असते.

एकोणिसाव्या शतकांत वैद्यक नियतकालिकांची संख्या भराभर वाढली आणि हा मार्ग बिकट होऊं लागला. अमेरिकेंत जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं १८६० सालीं अपस्मारावरील शस्त्रक्रियेसंबंधीं पदवीचा प्रबंध लिहिला. या विषयावर पूर्वीं कोणीं काय लिहिलें आहे, हें शोधतांना त्यांना ग्रंथालयामागून ग्रंथालयें धुंडाळावीं लागलीं, आणि देशांत वैद्यक-ग्रंथांचा पुरेसा संग्रह कोठेंच नाहीं, हें त्यांना कळून चुकलें. ही खंत त्यांनीं मनांत ठेवली. पुढें ते लष्करांत सर्जन झाले व वॉशिंग्टन येथील सर्जन-जनरलच्या कचेरीचें लहानसें ग्रंथालय त्यांच्या स्वाधीन झालें. तें त्यांनीं नांवारूपास आणलें. १८७९ पासून रॉबर्ट फ्लेचर यांच्या साह्यानें नव्या वैद्यकीय लेखांची ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची निघूं लागली. १८८० सालीं ग्रंथालयाच्या मोठ्या सूचीचा पहिला खंड बाहेर पडला. तेंच ग्रंथालय आज अमेरिकेचें राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय म्हणून ओळखलें जातें. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ सालीं बंद झालें. त्याचें काम संगणकावरील सूचीनें चालविलें आहे.

लेख सांपडण्याची सोय झाली. पण त्याचा उल्लेख कसा करावा, याविषयीं एकवाक्यता नव्हती. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनीं १८८१ सालीं गोगलगाईच्या जातीच्या एका प्राण्यावर निबंध लिहितांना मजकुरांतच कंसांत लेखकाचें नांव व वर्ष घातलें. त्या पद्धतीस पुढें ‘हार्वर्ड’ हें नांव पडलें. दुसरे कोणी मजकुरांत नुसता आंकडा घालून तपशील शेवटीं देत. शिवाय प्रत्येक संपादकाची तऱ्हा निराळी. कोणाला वर्ष आरंभीं हवें, कोणाला शेवटीं. कोणी नियतकालिकाचें पूर्ण नांव मागे, कोणी संक्षिप्त. एका नियतकालिकानें लेख परत केला, कीं दुसरीकडे धाडतांना सारी यादी पुन्हां टंकलिखित करावी लागे. या खटाटोपांत आंकडे चुकत आणि नांवें बिघडत.

अखेर जानेवारी १९७८ मध्यें कांहीं वैद्यक नियतकालिकांचे संपादक कॅनडांतील व्हॅंकूव्हर शहरीं जमले. हस्तलिखितें सर्वांनीं एकाच धर्तीवर स्वीकारावीं, असें त्यांनीं ठरविलें. त्यांचे नियम १९७९ सालीं प्रसिद्ध झाले. आधारांची मांडणी राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानें आंखून दिलेली होती. या मंडळींतूनच वैद्यक नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिति उदयास आली. मजकुरांत जो आधार प्रथम येईल त्यास एक, पुढच्यास दोन, असे क्रमांक. यादींत आधीं लेखकाचें आडनांव व आद्याक्षरें, मग लेखाचें शीर्षक, नियतकालिकाचें संक्षिप्त नांव, वर्ष, त्यापुढें अर्धविराम, खंड, अपूर्णविराम आणि पृष्ठें, असा हा ‘व्हॅंकूव्हर’ पद्धतीचा सांचा. विरामचिन्हांचा हा काटेकोरपणा वरवर पाहणाऱ्यास जाचक वाटतो. परंतु पत्रावरील पत्त्यांत घराचा आंकडा चुकला तर पत्र भलत्याच दारीं जातें. येथें खंड किंवा पृष्ठ चुकलें तर साक्षीदारच हरवतो.

मात्र पत्ता बिनचूक असूनहि साक्ष खोटी पडूं शकते. १९८० सालच्या जानेवारींत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें पांच वाक्यांचें एक पत्र छापून आलें. रुग्णालयांत दाखल असतांना अफूच्या वर्गांतील वेदनाशामकें मिळालेल्या ११,८८२ रोग्यांच्या नोंदींत, पूर्वीं व्यसन नसलेल्यांपैकीं अवघ्या चौघांस व्यसन जडल्याचें आढळलें, एवढेंच त्यांत होतें. घरीं महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्यांविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. कॅनडांतील संशोधकांनीं २०१७ सालीं या पत्राचा मागोवा घेतला, तेव्हां ६०८ लेखांत त्याचा आधार दिलेला आढळला. त्यांतील ४३९ लेखांनीं या औषधांचें व्यसन क्वचितच लागतें, याचा पुरावा म्हणून तें पुढें केलें होतें. रोगी रुग्णालयांतील होते, ही गोष्ट ४९१ लेखांनीं सांगितलीच नव्हती. उत्तर अमेरिकेंत या औषधांनीं जो अनर्थ माजविला, त्यास असे निष्काळजी आधारहि कारण झाले, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. सांच्यानें नांव व पृष्ठ सांभाळलें. पण तें पान उघडून वाचणें हें लेखकाचें काम होतें, आणि तें झालें नाहीं.

आज क्रमांक लावणें व स्वल्पविराम देणें हें काम संगणक निमिषांत करतो. त्याच्याच जोडीला मागेल तसा मजकूर रचून देणारीं यंत्रेंहि आलीं आहेत, आणि तीं कधीं कधीं अस्तित्वांतच नसलेल्या लेखांचे हुबेहूब आधार तयार करतात. उप्लावित्सीचे हे नवे भाऊबंद सांच्यांत अचूक बसतात, म्हणून अधिक फसवे. संपादकांच्या समितीचा उपदेश यासाठींच साधा आहे: शक्य तेथें मूळ संशोधनाचाच आधार द्यावा, आणि प्रत्येक आधार मूळ लेखाशीं किंवा विश्वसनीय सूचीशीं ताडून पाहावा. १८८७ सालचा तो चेक निबंध कोणीं वेळीं उघडून पाहिला असता, तर ह्लावांच्या श्रमाचें श्रेय एका आमांशाच्या नांवें पन्नास वर्षें जमा झालें नसतें.