कोंकणची शाकारणी

वैशाख सरत आला कीं पूर्वीं कोंकणांत घरोघर एकच घाई उडे : मृगापूर्वीं घर शाकारलें पाहिजे. गांवच्या कुंभारानें घडविलेलीं नळ्यांचीं कौलें एकमेकांवर नुसतीं टेकलेलीं असत. वाऱ्यानें आणि वानरांच्या उड्यांनीं तीं सरकत, फुटत; म्हणून दर वर्षीं तीं उतरून, झाडून पुन्हां बसवावीं लागत. मातीच्या भिंतींना झडीपासून जपण्यासाठीं माडाच्या झावळ्यांचे झाप बांधीत.

१८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबून केलेलीं तीं चपटीं कौलें खांचेंत खांच अडकून रिपांवर पक्कीं बसत. गलबतांतून तीं मुंबईपर्यंत पोंचलीं, आणि जेथें तीं चढलीं तेथें शाकारणीचा वार्षिक खटाटोप बहुतांशीं सरला.

श्रम वांचले, यांत शंका नाहीं. परंतु कौलें उतरलीं म्हणजे वाशाला लागलेली वाळवी, कुजलेली रीप घरधन्याच्या नजरेस आपोआप पडे. ती सक्तीची तपासणी या सोयीबरोबर लोपली. नवें कौल टिकाऊ खरें. पण त्याखालचें लांकूड पूर्वींचेंच राहिलें, आणि त्याकडे पाहण्याचा नेमाचा दिवस मात्र वर्षांतून गेला.