वळीवडे: छावणीतला आणि पडद्यावरचा पोलंड

कोल्हापूरजवळच्या वळीवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका-मुलेच अधिक. सप्टेंबर १९३९मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला आणि तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा सोव्हिएत सत्ता पोलिश सरकारच्या बाजूला आली आणि या लोकांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. पुढच्या वर्षी पोलिश जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर अनेकजण इराणात पोहोचले. पुरुष आघाडीवर गेले. त्यांच्या मागे राहिलेली कित्येक कुटुंबे कराचीमार्गे कोल्हापूर संस्थानात आली.

छावणीचा खर्च लंडनमधले परागंदा पोलिश सरकार करत होते. युद्ध संपताच ही माणसे मायदेशी परततील, तोवर मुलांचे शिक्षण तुटू नये, असा हिशेब होता. म्हणून पोलिश माध्यमाच्या शाळा, कॅथलिक चर्च, स्काउट पथके, नाटके, सणवार हे सारे बराकींच्या वस्तीतच उभे राहिले. संस्कृती जपणे ही इथे हौस नव्हती, परतीची तयारी होती. ती बहुतेकांच्या कामी आली नाही. १९४५च्या याल्टा परिषदेने पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या पदरात घातला आणि त्यांची गावेच परमुलखात गेली. मग कोणी ब्रिटनची वाट धरली, कोणी ऑस्ट्रेलियाची, कोणी कॅनडाची. छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले. कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

कॅमेरा इकडे फार उशिरा वळला. कम्युनिस्ट राजवटीत सायबेरियातल्या हद्दपारीबद्दल पोलंडमध्ये उघड बोलण्याची सोय नव्हती. १९८९नंतर ती झाली. अनु राधा यांचा भारत-पोलंड सहनिर्मितीचा ‘अ लिट्ल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट २०१३चा. निर्वासित म्हणून भारतात बालपण गेलेल्या वृद्धांच्या आठवणींवर तो उभा आहे. पण त्याच्या केंद्रस्थानी आहेत ते नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी आणि जामनगरजवळच्या बालाचडीत त्यांनी आसरा दिलेली मुले. बालाचडीची वस्ती वळीवड्याहून कितीतरी लहान होती. तरी पडद्याला राजा आणि अनाथ मुले ही गोष्ट सोपी जाते. वळीवड्यात असा एक नायक नाही. शाळा चालवणाऱ्या बायकांवर पटकथा रचणे अवघड, अशक्य मात्र नव्हे.

कोल्हापूरची आठवण त्यामुळे मुख्यतः स्मारकांत राहिली. एक स्मारक शहरातल्या महावीर उद्यानात आहे, दुसरे खुद्द वॉर्सात. वॉर्सातल्या स्मारकाला ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पुष्पचक्र वाहिले.