सुयांवर राहिलेलं

माझ्या कपाटात सध्या सात पिशव्या आहेत. एकीत निळ्या स्वेटरची पाठ आणि दीड बाही. दुसरीत यजमानांचा मफलर, हातभर होऊन थांबलेला. तिसरीत क्रोशाची शाल. तिच्यात एक खांब कुठेतरी जास्त पडलाय, तो सापडेना म्हणून तीन वर्षं तशीच. बाकीच्या चार मी उघडत नाही. त्यात परवा आठवी आली. भाचीला दिवस गेलेत आणि ती राहते म्युनिकला.

अर्धवट कामांवरून मला घरात बोलणी बसतात. पण मी जरा मागे जाऊन पाहिलं, तर हा दोष माझ्या एकटीचा वाटत नाही. थंड मुलखात विणकाम हा पोटाचा धंदा होता. इंग्लंडात हातानं मोजे विणून कितीतरी घरं चालत, आणि 1589 मध्ये विल्यम लीनं मोजे विणायचं यंत्र काढलं ते उगाच नव्हे. आपल्याकडे थंडी जेमतेम अडीच महिने. दिवाळी उरकल्यावर लोकर आणायची, मार्गशीर्षात टाके घालायचे, पाठ होऊन बगलेच्या घटी येईतो महाशिवरात्र. थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की स्वेटर पिशवीत. पुढच्या वर्षी काढावा तर पोरगा चार बोटं वाढलेला.

लोकर आपल्याला नवी होती असं नाही. धनगरांच्या मेंढ्या होत्या, सणगरांचे माग होते, घोंगडी घराघरात होती. मुंबईच्या पारशी घरांतली, कमरेला बांधायची कुस्तीही लोकरीचीच, 72 धाग्यांची. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ. कोकराची पहिली कातरण तेवढी मऊ, तिला जावळच म्हणतात, आणि जावळाची घोंगडी म्हणून तर मोलाची. तरी तीसुद्धा तान्ह्याच्या गळ्याशी लावण्यातली नव्हे. दोन सुयांवरचं विणकाम आलं ते वेगळ्या दारानं, मिशनच्या शाळांतून. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई 1827 मध्ये मुंबईत उतरली, पुढे नगरला गेली. अशा बायकांच्या शाळांत मुलींना अक्षरांबरोबर सुईकामही शिकवत.

मला गंमत वाटते ती पुढच्या पन्नास वर्षांची. 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली. मुलींना इंग्रजी कशाला, म्हणून टिळकांच्या बाजूनं टीकेची झोड उठली. सुधारक एकीकडे, ते दुसरीकडे. पण मुलींना सुईकाम यायला हवं याबद्दल कुणाचा वाद नव्हता! इंग्रजीवरून भांडण, गणितावरून भांडण, सुईवर एकमत. 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्याचं सेवासदन उभं केलं तेव्हा मात्र सुईला वेगळा अर्थ आला. विधवा, टाकलेल्या बायका तिथे शिवण-भरतकाम शिकून चार पैसे मिळवू लागल्या. आमच्या शाळेत 1968 साली विणकामाचा तास होता, त्यात ना मिळकत होती ना हौस. वर्षभर एकच चौकोनी तुकडा विणायचा, बाईंनी मार्क द्यायचे, आणि उसवून तीच लोकर पुढच्या वर्गाला. माझा तुकडा एका बाजूनं बारा बोटं आणि दुसऱ्या बाजूनं नऊ होता.

तरी शाळेनं लोकर घरात आणली, इतकंच. ती घरात टिकली ती बाळंतविड्यामुळे, असं माझं मत आहे. अंगडी, टोपडी, दुपटी आधीपासून होतीच, आजीच्या मऊ झालेल्या लुगड्यांची. खणाची कुंची होती. त्यांच्या शेजारी लोकरीचे मोजे जाऊन बसले आणि हक्कानं बसले. तान्ह्याला आषाढातही हुडहुडी भरते. शिवाय मोजा केवढासा, चाळीसेक टाक्यांचा. रात्रीची भांडी आवरून बसलं तर दोन बैठकांत एक. आणि मुख्य म्हणजे त्याला तारीख असे. बाळ जन्मायच्या आधी नवं काही करायचं नाही, आणि बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे सगळा खेळ अकरा रात्रींचा. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात मग कामं वाटली जात. टोपडं जोशीकाकूंकडे, मोजे आईकडे, स्वेटरची पाठ एकीकडे आणि बाह्या दुसरीकडे. एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट, त्यामुळे माझ्या धाकट्या भावाच्या स्वेटरची डावी बाही कायम मनगटाच्या वर राहिली.

आजीनं त्या नियमाला पळवाट काढली होती. ती टोपडं आधीच विणून ठेवी, फक्त नाडी ओवत नसे. नाडी नाही म्हणजे टोपडं झालेलं नाही, आणि झालेलं नाही म्हणजे केलेलं नाही. तार आली की नाडी.

मोठ्या माणसांना तारीख नव्हती, म्हणून त्यांचे स्वेटर राहत. याला एकच अपवाद मी पाहिला. 1962 च्या ऑक्टोबरात चीननं हल्ला केला, आणि देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. मी सात वर्षांची. आमच्या वाड्यातही खाकी-हिरवट लोकरीच्या लड्या आल्या. मी दोन्ही हात पुढे करून लडी धरायची आणि आई गुंडा करायची. हात भरून आले तरी खाली घ्यायचे नाहीत. साताऱ्याकडच्या गावागावांतून पोरं फौजेत, तेव्हा सीमा काही लांबची नव्हती. माप कुणाचं घ्यायचं हा प्रश्न होता. “जवान म्हणजे आडव्या अंगाचाच असणार,” म्हणून आईनं 42 छाती धरली. बाराच्या सुयांवर दोन सुलट दोन उलट बॉर्डर, वर दहाच्या सुया, नऊ दिवसांत स्वेटर पुरा. त्या वेळी वडिलांचा मरून स्वेटर तिसरा हिवाळा सुयांवर काढत होता. ते म्हणाले, “मी भरती होऊ का?”

तो मरून स्वेटर कधीच झाला नाही. आईनं तो उसवला. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी येते. ती पाटाभोवती गुंडाळून लडी करायची, रिठ्याच्या कोमट पाण्यातून काढायची, आणि दांडीवर टांगून खाली भरलेला तांब्या बांधायचा. सकाळपर्यंत ओढून सरळ. त्या लोकरीचा माझा बिनबाह्यांचा स्वेटर झाला, त्याचे पुढे भावाचे मोजे आणि कानटोपी, उरली ती चहाच्या किटलीची टोपी. लोकर महाग होती, लाल इमली गिरणीची तर फारच.

सत्तरच्या दशकात कॅशमिलॉन हे कृत्रिम सूत आलं. स्वस्त, न टोचणारं, हवे तितके रंग. पण ते नीट उसवत नाही, त्याला तूस येते. तेव्हापासून चुकलेलं विणकाम मोडलं जाईना, नुसतं ठेवलं जाऊ लागलं. पिशव्या वाढल्या त्या तिथून. शिवाय दर हिवाळ्यात पुण्याच्या फुटपाथवर तिबेटी विक्रेते लुधियानाचे स्वेटर मांडून बसू लागले. मीही बँकेतून येताना मुलाचा घेतला तो तिथलाच. घरी त्याची पाठ आणि दीड बाही तयार होती. निळी.

भाची म्हणते, “मावशी, इथे घरात हीटर असतो गं, बाळ बनियनवर असेल.” असू दे. टोपडं झालंय, पांढरं, साबुदाण्याच्या विणीचं. नाडीसाठी साखळी घालायला पिवळी लोकर लागेल. ती सहाव्या पिशवीत आहे, शालीच्या की स्वेटरच्या खाली ते आठवत नाही. तारीख 11 डिसेंबर दिली आहे. तोवर शोधायची नाहीच.