लंघन आणि स्नायुरक्षण

लंघन आणि स्नायुरक्षण : अन्न वर्ज्य केल्यास किंवा आहार गरजेपेक्षा कमी केल्यास वजन घटते, परंतु ही घट केवळ वसेची (चरबीची) नसते, तीत स्नायूंतील प्रथिनांचाही वाटा असतो. वसा खर्च होऊन स्नायू शक्यतो टिकावेत, यासाठी योजलेल्या उपायांना स्नायुरक्षण म्हणता येईल. या उपायांमागील ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने जमत गेले.

वजनकाट्यावर वसा आणि स्नायू यांतील भेद कळत नाही. तो मूत्रातील नायट्रोजनावरून कळू लागला. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असल्यामुळे १ ग्रॅ. नायट्रोजनाचे उत्सर्जन हे सु. ६·२५ ग्रॅ. प्रथिनाच्या विघटनाचे गमक होय. स्नायू स्वतःतील प्रथिने जाळूनच कार्य करतात, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिक यांचे मत होते. १८६५ मध्ये फिक व व्हिस्लिट्सेनुस यांनी प्रथिनरहित आहारावर स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढून मूत्रातील नायट्रोजन मोजला. विघटित प्रथिनांची ऊर्जा चढणीच्या कार्यास अपुरी ठरली आणि श्रम म्हणजे स्नायूंचा नाश नव्हे, हे स्पष्ट झाले.

म्यूनिकचे शरीरक्रियावैज्ञानिक फॉइट यांनी १८६६ मध्ये उपाशी ठेवलेल्या मांजराच्या शरीरातील बहुतेक सर्व वसा आणि सु. ३१ टक्के स्नायू नष्ट झाल्याचे दाखविले. हृदयाचे वजन मात्र अगदी थोडेच घटलेले आढळले. त्यामुळे उपासमारीत हृदय सुरक्षित राहते, हा समज पुढे दीर्घकाळ टिकला. १९१२ मध्ये बॉस्टन येथील पोषण प्रयोगशाळेत बेनेडिक्ट यांनी केवळ पाण्यावर ३१ दिवस राहिलेल्या एका व्यक्तीचा अभ्यास केला. तिच्या मूत्रातील नायट्रोजन चौथ्या दिवशी सु. १२ ग्रॅ., तर अखेरच्या दिवशी सु. ७ ग्रॅ. होता. म्हणजे लंघन लांबले तसा प्रथिनांचा व्यय कमी झाला, पण थांबला नाही.

याची कारणमीमांसा मेंदूच्या गरजेत सापडते. मेंदूला दररोज सु. १२० ग्रॅ. ग्लुकोज लागते. यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा सु. एका दिवसात संपतो. वसाम्लांपासून शरीर उपयुक्त प्रमाणात ग्लुकोज तयार करू शकत नाही. त्यामुळे स्नायूंतील ॲमिनो अम्ले त्यासाठी वापरली जातात. रोज १०० ग्रॅ. ग्लुकोज दिल्यास प्रथिनांचा व्यय जवळजवळ निम्म्यावर येतो, हे गॅम्बल यांनी दुसऱ्या महायुद्धकाळात जीवरक्षक तराफ्यांवरील शिध्याच्या अभ्यासातून दाखविले. दीर्घ लंघनात मेंदू मुख्यतः वसेपासून बनणाऱ्या कीटोन द्रव्यांवर चालतो, हे केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये सिद्ध केले. व्यय कमी होण्याचे रहस्य हेच होय [→ चयापचय].

मिनेसोटा विद्यापीठात १९४४–४५ मध्ये कीझ यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अपुऱ्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सु. एकचतुर्थांशाने घटले, शक्ती क्षीण झाली आणि हृदयाचा आकारही लहान झाला. हृदय हाही स्नायूच असल्याचा हा इशारा होता. १९७० नंतर ब्लॅकबर्न यांनी उत्तम प्रथिने, क्षार व जीवनसत्त्वे देणारे, वैद्यकीय देखरेखीखालील ‘प्रथिनरक्षक लंघन’ प्रचारात आणले. त्याच कल्पनेवर बेतलेली, पण कोलॅजनापासून बनविलेली द्रव प्रथिने अमेरिकेत खुल्या बाजारात विकली जाऊ लागली. कोलॅजनात ट्रिप्टोफेन हे आवश्यक ॲमिनो अम्ल नसते. १९७७–७८ मध्ये या आहारावरील अनेकांचे मृत्यू नोंदले गेले; त्यांतील काही जण हृदयाच्या लयबिघाडाने अकस्मात दगावले होते.

यानंतर व्यायामाकडे लक्ष वळले. भारव्यायाम केल्यास कमी आहारातही स्नायू टिकतात, असे १९८८ मधील एका अमेरिकन अभ्यासात आढळले. २०१६ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा सु. ४० टक्के कमी ऊर्जेचा आहार व कठोर व्यायाम देण्यात आला. वजनाच्या दर किग्रॅ.मागे रोज २·४ ग्रॅ. प्रथिन घेणाऱ्यांचे वसाविरहित वस्तुमान सु. १·२ किग्रॅ. वाढले, १·२ ग्रॅ. घेणाऱ्यांचे जवळजवळ स्थिर राहिले. हा निष्कर्ष अल्पकाळाचा व निरोगी तरुणांपुरता असल्याने वृद्धांना किंवा मूत्रपिंडविकार असणाऱ्यांना तसाच लागू करता येत नाही.

सारांश, स्नायूंचे रक्षण होण्यासाठी ऊर्जेतील कपात बेताची असावी लागते, प्रथिने पुरेशी व सर्व आवश्यक ॲमिनो अम्लांनी युक्त असावी लागतात आणि स्नायूंना काम मिळावे लागते. किती किलोग्रॅम वजन घटले यापेक्षा त्यात वसा किती व स्नायू किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.