जगण्याचें मोजमाप

आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नव्हे, हें मी जाणतों. पण ज्या घरांत पाठीचा कणा मोडलेलें माणूस आहे, त्या घराला तो एक दिवसहि टाळतां येत नाहीं. कण्यांतील मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे पायांतली शक्ति जाते, हें सर्वांस दिसतें. त्याबरोबर मूत्राशयावरचा ताबाहि जातो, तें मात्र रोग्याखेरीज सहसा कोणास दिसत नाहीं. आणि पूर्वीं अशा रोग्यांचा प्राण घेतला तो बहुधा मोडलेल्या कण्यानें नव्हे, तर बिघडलेल्या मूत्राशयानें आणि अंथरुणावर पडून झालेल्या व्रणांनीं.

एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८६२ सालीं इजिप्तमध्यें एक पपायरस विकत घेतला. तो सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचा. त्यांत मानेचा मणका निखळलेल्या मनुष्याचीं लक्षणें दिलीं आहेत. हातापायांची जाणीव नाहीं, लघवी नकळत गळते. आणि पुढें वैद्याचा निर्णय असा कीं, हें दुखणें उपचारापलीकडचें आहे. हा निर्णय पहिल्या महायुद्धापर्यंत जवळजवळ कायम राहिला. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनीं नमूद केलें आहे कीं, त्या युद्धांत मज्जारज्जूला जखम झालेल्या सैनिकांपैकीं सुमारें ८० टक्के पहिल्या कांहीं आठवड्यांतच दगावले. कारण व्रण, आणि कॅथेटरवाटे शिरलेले जंतु. कॅथेटर म्हणजे मूत्राशयांत सरकवून लघवी बाहेर काढण्याची नळी. ती न घालावी तर लघवी तुंबून मरण, घालावी तर जंतूंनीं मरण, अशी ती कोंडी होती.

१९१७ सालीं त्या वेळच्या जर्मनींतील एका रुग्णालयांत एक तरुण स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. कणा मोडलेला एक खाणकामगार तेथें आला. तरुण त्याची टिपणें लिहूं लागला, तेव्हां त्याला सांगण्यांत आलें कीं, उगाच श्रम घेऊं नकोस, हा थोड्या दिवसांचा सोबती आहे. कामगार पांच आठवड्यांत गेला. हा तरुण म्हणजेच पुढचे सर लुडविग गुटमान. ज्यू असल्यामुळें त्यांना १९३९ सालीं जर्मनी सोडावी लागली, आणि १९४४ च्या फेब्रुवारींत इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथें कण्याच्या जखमींसाठीं काढलेला विभाग त्यांच्या हातीं सोंपविण्यांत आला. त्यांचे उपाय नवल वाटावें इतके साधे होते. दर दोन तासांनीं, रात्रींहि, रोग्याची कूस बदलावयाची. आणि कॅथेटर कायमचा ठेवून न देतां, ठराविक वेळानें, कडक निर्जंतुक पद्धतीनें घालून काढावयाचा. हें दुसरें काम त्यांनीं हाताखालच्या परिचारकांवर न टाकतां डॉक्टरांकडूनच करविलें. माणसें जगूं लागलीं.

पण जगलेल्या माणसाला घरीं जावयाचें असतें, आणि घरीं निर्जंतुक खोली नसते. ही अडचण १९७२ सालीं मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडिस यांनीं दूर केली. त्यांचें म्हणणें असें कीं, मूत्राशय फार ताणला म्हणजे त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि तेथें जंतूंचें फावतें. म्हणून नळी पूर्णपणें निर्जंतुक असण्यापेक्षां मूत्राशय वेळच्या वेळीं रिकामा होणें अधिक महत्त्वाचें. हात धुवावे, नळी स्वच्छ ठेवावी, आणि रोग्यानें स्वतःच ती घालावी. डॉक्टरच्या हातांतली नळी रोग्याच्या खिशांत आली.

आतां प्रश्न निराळाच उभा राहिला. मृत्यु मोजतां येतात. जगणें कसें मोजावें? माझें उभें आयुष्य प्रश्नपत्रिका काढण्यांत आणि तपासण्यांत गेलें, त्यामुळें या भागाची मला विशेष गोडी. १९७८ सालीं अमेरिकेंतील फिलिप ब्रिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, अपघातानें पंगु झालेल्या २९ जणांना आपल्या सुखाला ० ते ५ पर्यंत गुण द्यावयास सांगितलें. त्यांची सरासरी आली २.९६, धडधाकट माणसांची ३.८२. फरक आहेच. पण बाहेरचा मनुष्य मनांत जो भोपळा काढून ठेवतो, त्यापासून हा आंकडा पुष्कळच दूर आहे.

१९९२ सालीं ३६ प्रश्नांची एक प्रश्नावली अमेरिकेंत प्रसिद्ध झाली आणि पुढें जगभर रूढ झाली. तींत जिने चढतां येतात काय, मैलभर चालतां येतें काय, असे प्रश्न आहेत. चाकांच्या खुर्चींतल्या माणसाला हें विचारणें म्हणजे न शिकविलेल्या धड्यावर परीक्षा घेणें. त्याचे गुण गेले तर तो दोष विद्यार्थ्याचा कसा? फ्रेंच डॉक्टरांनीं तयार केलेली ‘क्वालिव्हीन’ ही ३० प्रश्नांची यादी २००१ सालीं पुढें आली, ती या बाबतींत अधिक समंजस वाटते. ती पायांना सोडून देते आणि मूत्राशयाविषयींच विचारते. आधीं कांहीं न ठरवितां घराबाहेर पडतां येतें काय? अंगाला वास येईल अशी धास्ती वाटते काय? संकोच वाटतो काय? हे प्रश्न ज्यानें तें दुखणें ऐकून घेतलें आहे त्यालाच सुचतात.

२०१३ सालीं तुर्कस्तानांतील अनेक रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूत्राशय निरनिराळ्या रीतींनीं रिकामा करणाऱ्या रोग्यांची तुलना त्यांत दुसऱ्या एका प्रश्नावलीनें केली होती. सर्वांत वाईट उत्तरें आलीं तीं, ज्यांना ही नळी दुसऱ्याकडून घालून घ्यावी लागते, त्यांचीं. नळी त्याच जातीची, रीतहि तीच. हात तेवढा दुसऱ्याचा. अर्थात् या गटांत हातांचेंहि बळ गेलेले रोगी अधिक असणार. तेव्हां त्यांच्या दुःखाचा सगळा भार त्या परक्या हाताच्या माथीं मारतां येणार नाहीं.