फडाचा इतिहास कुठल्या दप्तरात आहे?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

हे नाव एकदा सावकाश वाचा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव. नवऱ्याचं नाव कुठंच नाही. आणि जी जात गावानं कायम वेशीबाहेर ठेवली, ती बोर्डावर ठळक अक्षरात. या घराचं खरं आडनाव खुडे. पण 'खुडे' म्हणून त्यांना कोण ओळखतं? भाऊ आणि बापू या दोन भावांनी फडाला नाव दिलं 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. लोक जो शब्द शिवीसारखा वापरायचे तो यांनी जाहिरातीत लावला आणि त्याच नावावर तंबू भरवले. आजच्या भाषेत याला बंडखोरी म्हणतात. तेव्हा कुणी काही म्हटलं नाही, तिकीट काढलं आणि आत जाऊन बसले.

विठाबाईंवर हिंदी सिनेमा येतोय अशा बातम्या आल्यापासून नाळेची गोष्ट पुन्हा मोबाइलवर फिरायला लागलीय. दिवस भरलेले, खेळ सुरू, कळा आल्या, बाई कनातीमागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पदर खोचून परत बोर्डावर उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आल्यावर त्यांनीच खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट नेहमी 'कलेवरची निष्ठा' म्हणून सांगितली जाते. असेल निष्ठा. पण फडाच्या हिशेबानं बघा की जरा. सुपारी घेतलेली, तिच्यातून डिझेल आणि शिधा भरलेला, मागं साठ-सत्तर माणसांचं पोट आणि पुढं बिथरली तर कनात फाडणारी गर्दी. खेळ बंद ठेवायची ऐपत कुणाची होती? ती गोष्ट जेवढी कलेची आहे तेवढीच उधारीची आहे. सिनेमात पहिला भाग येईल. दुसरा येईल का, बघू.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याला विठाबाई माहीत आहेत, फड माहीत नाही.

मध्यंतरी सर्बियातल्या एका बँडबद्दल वाचत होतो. नोवी साद नावाचं शहर, तेव्हा ते युगोस्लाव्हियात होतं. १९७८ साली तिथल्या काही पोरांनी पंक बँड काढला. पंक म्हणजे रॉकचाच एक प्रकार. वाजवायला सोपा, आवाजाला कर्कश, आणि सरकार, शाळा, घरदार सगळ्यांना उलट बोलणारा. बँडचं नाव 'पेकिंश्का पाट्का', म्हणजे चिनी पद्धतीचं भाजलेलं बदक! १९८० ला पहिली रेकॉर्ड, १९८१ ला दुसरी, आणि त्याच वर्षी बँड मोडला. तीन वर्षांचा खेळ. पण ढोल कोण वाजवायचा, कोण कधी सोडून गेला, कोणती रेकॉर्ड कधी निघाली, सगळं साल-तारखेसह लिहून ठेवलंय. मी नारायणगाव भागात बसून ते वाचू शकतो.

आता आपल्याकडं या. हा फड उभा केला भाऊ-बापूंच्या वडलांनी, नारायण खुडे यांनी. मूळ गाव शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. म्हणजे आजोबा, मग भाऊ-बापू, मग विठाबाई, मग त्यांच्या मुली मंगला बनसोडे, संध्या माने, मालती इनामदार, भारती सोनवणे, आणि आता नातवंडं. पाच पिढ्या. जगात कुठल्या बँडच्या पाच पिढ्या झाल्या असतील तर मला सांगा. आणि या पाच पिढ्यांत ढोलकीवर कोण होतं? हलगीवाला कुठल्या गावचा? वग कोण लिहून द्यायचं? योगीराज बागूल यांनी 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' लिहिलं म्हणून बाईंचं आयुष्य तरी कागदावर आलं. मागं उभं राहून झील धरणाऱ्यांचं काय?

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. पंढरपुरात झाली म्हणून विठा, असं सांगतात. त्या बारा-तेरा वर्षांच्या असताना देश स्वतंत्र झाला आणि लगोलग मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी आणली. मग सुधार समिती नेमली आणि पुढं संहिता तपासून घेतल्याशिवाय खेळ करायचा नाही असा नियम आला. तमाशातल्या सोंगाड्याचं सगळं इमान आयत्या वेळच्या बोलण्यात. आज गावात पाटलाचं काय झालं, ते आज रात्री बतावणीत आलं पाहिजे. ते आधी लिहून मंजूर कसं करून घेणार? त्याच काळात लाल बावटा कलापथकाच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'लोकनाट्य' हा शब्द रुजवला. तमाशाला बंदी ना, मग हे लोकनाट्य! आजही फडांच्या पोस्टरवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात. छपाईतली ही गंमत नाही, बंदीचा वण आहे तो.

आणि १९५७ साली याच विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं. परत १९९० ला. दिल्लीत पदक आणि गावात खेळ संपल्यावर मुक्काम ट्रकखाली. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावं लागलं. चार वर्षांनी, २००६ मध्ये, राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकरांना मिळाला, आंबेगावातल्या अवसरीचं नाव लावणाऱ्या वसंत अवसरीकरांना मिळाला, मंगलाताईंनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीला. घराणं म्हणजे काय ते यात कळतं.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ती उगीच नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले सगळीकडून पोचायला सोपं. फड दसऱ्याला बाहेर पडतात, थंडीत तंबू लावून तिकिटावर खेळ करतात आणि पाडव्याच्या आधी इथं राहुट्या टाकतात. एक राहुटी म्हणजे ताडपत्री, टेबल, दोन खुर्च्या, बोर्ड, आणि डायरी घेऊन बसलेला मॅनेजर. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीप भरून येतात, चार राहुट्या फिरतात, चहा पितात, घासाघीस करतात. भाव नुसत्या फडाच्या नावावर ठरत नाही, तिथीवर ठरतो. चैत्र पौर्णिमेला दहा गावच्या जत्रा एकाच रात्री, त्या रात्रीची सुपारी वेगळी. आडदिवस असला तर तोच फड बऱ्याच कमी पैशात. आमची पाडव्याची बातमीही ठरलेली : राहुट्या गजबजल्या, कोटींची उलाढाल. त्या कोटींमधले किती सावकाराकडं परत जातात ते बातमीत येत नाही. कारण हंगामाच्या आधी कलाकाराला उचल द्यावी लागते, ती मालकानं व्याजानं आणलेली असते, आणि पाडव्याचा विसार तिथंच वळता होतो.

जुन्नर-आंबेगावची जत्रा म्हणजे दिवसा बैलगाडा, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी. बैलगाड्यांवर २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली. त्यासाठी मोर्चे निघाले, आमदार-खासदार रस्त्यावर आले. चांगलं झालं. तमाशासाठी कोण आलं?

तमाशाला खरा फटका बंदीनं बसला नाही, घड्याळानं बसला. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग, असा क्रम. पूर्वी वग मध्यरात्रीनंतर उभा राहायचा आणि कोंबडं आरवेपर्यंत चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर कर्णा बंद. सणासुदीला सरकार थोडी सूट देतं, पण ती पहाटेपर्यंत पुरत नाही. वेळ कापायची ठरली की पहिला जातो तो वग. राहतं काय? सिनेमाची गाणी. मग तीच गाणी डीजेवर नाचणारा शो स्वस्तात देतो, की कमिटी तिकडं वळते. आणि आपण पारावर बसून म्हणतो, तमाशात आता पूर्वीसारखं राहिलं नाही. राहील कसं? पूर्वीची रात्रच राहिली नाही. आवाजाच्या नियमाला माझा विरोध नाही, म्हातारी माणसं आणि परीक्षेची पोरं सगळीकडं आहेत. पण वर्षातल्या एका जत्रेच्या रात्रीचा निर्णय गावाला घेता येऊ नये?

त्यात दोन पाडवे गेले. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे बरोबर देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. २०२१ चा १३ एप्रिलला, आणि दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून राज्यात पुन्हा संचारबंदी. इतके नेमके दिवस ठरवून कुणाला मारता आलं नसतं. विसार परत, उचल अंगावर, ट्रक विकलेले. त्याच मे महिन्यात कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या.

हे सगळं लिहून ठेवायचं कशाला, असं कुणी विचारेल. एक उदाहरण देतो. ज्येष्ठ कलाकारांना सरकारचं मानधन आहे, आता महिना ५,००० रुपये. वय पन्नासच्या वर आणि कलेत किमान पंधरा वर्षं घालवलेली हवीत. मंचर भागातले एक ढोलकीवाले, वय सत्तरच्या पुढं, आयुष्य फडात गेलं. पुरावा मागितला. पुरावा काय देणार? पोस्टरवर नाव मालकाचं, नाचणारीचं, फार तर सोंगाड्याचं. ढोलकीवाल्याचं नाव कुठंच नाही. पगाराची पावती नाही, उचलीचा कागद सावकाराकडं. फाइल परत आली. नोवी सादच्या पोराला तीन वर्षं वाजवल्याचा पुरावा आहे आणि आमच्या म्हाताऱ्याला चाळीस वर्षांचा नाही.

म्हणून यंदाच्या पाडव्यापासून राहुट्यांत बसून प्रत्येक फडाची नावं उतरवून घ्यायचं ठरवलंय. मालक नको, मागचे. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झीलकरी, पडदे बांधणारा, स्वयंपाकी. नाव, गाव, कुठल्या साली आला, आधी कुठल्या फडात होता. जुन्नर-आंबेगावातल्या ज्यांच्या घरी जुनी हँडबिलं, जत्रेच्या जमाखर्चाच्या वह्या किंवा सुपारीच्या पावत्या असतील त्यांनी फोटो काढून मला पाठवा, सोबत गाव आणि साल लिहा. यात्रा कमिटीच्या वहीत 'तमाशा' या शब्दापुढं फडाचं नाव आणि रक्कम हमखास असते. दिवाळीला माळा साफ करताना ती वही रद्दीत घालू नका.